जिनिंग: इंजिनाचा सख्खा भाऊ

दसरा उलटला की जळगाव जिल्ह्यात जामनेर, धरणगाव, बोदवडकडे कापसाच्या गाड्या लागतात. कुठे निघाल्या, हे कोणी विचारत नाही. जिनिंगवर. इंग्रजीत ‘जिन’ हे क्रियापद आहे: कापसातून सरकी वेगळी करणे. या अर्थाने ते कापसाखेरीज कशालाच लागत नाही. शेंगा फोडायला नाही, मका सोलायला नाही. आपण मात्र क्रियेचं ठिकाण करून टाकलं. जिनिंगला आग लागते, जिनिंग बंद असते, जिनिंगवर पैसे अडकतात.

मूळ शब्द लॅटिन, ‘इंजेनियम’, म्हणजे उपजत बुद्धी. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कसब, युक्ती आणि युक्तीने केलेलं यंत्र असा पसरला. इंग्रजीत तो ‘इंजिन’ झाला, आणि डोकं उडवून नुसता ‘जिन’ही. हा जिन आधी डावपेच होता, मग सापळा, मग वजन उचलायचं यंत्र. दारूची जिन वेगळी, ती जुनिपरच्या फळावरून. अंगात घालायची जीन जिनोआ शहरावरून, घोड्यावरचं जीन फारसीतून.

कापसाच्या यंत्राला हे नाव पडलं आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावरून क्रियापद निघालं. 1793 मध्ये अमेरिकेत एली व्हिटनीने दातेरी यंत्र केलं, 1794 मध्ये पेटंट घेतलं. सरकी काढायची कला मात्र त्याची नव्हे. जळगावहून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्यात, पाचव्या शतकातल्या चित्रांत रूळ फिरवून सरकी काढणारी बाई अभ्यासकांना दिसली आहे. पुढे दोन रुळांची चरखी आली. व्हिटनीचे दाते झपाट्याने काम करत, पण धागा तोडत. 1840 मध्ये अमेरिकी संशोधक मॅकार्थीने कातडी रूळ आणि पातं आणलं. आजचे आपले डबल रोलर त्याच वंशातले.

1861 ते 1865 या अमेरिकी यादवीत इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि नजर हिंदुस्थानावर आली. त्याच दशकात भुसावळमार्गे रेल्वे आली. जळगावची पेठ फुगली, वाफेवरचे कारखाने उभे राहिले आणि यंत्राबरोबर शब्दही उतरला. घरच्या चरखीला कारखान्याचं नाव कशाला लागावं, म्हणून असेल, आपला शब्द पुढे आलाच नाही. आतला व्यवहार मात्र मराठीच राहिला: रुई, सरकी, ढेप, खंडी, 170 किलोची गाठ. कापसातून किती रुई निघते, तो उतारा. भाव पाडायचा असला की व्यापारी अजूनही एवढंच म्हणतो, “उतारा कमी आहे.”