मानांकन (अमेरिकेतील शालेय राज्य कुस्ती स्पर्धा)

अमेरिकेत हायस्कूल कुस्तीचा हंगाम हिवाळ्यात चालतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये राज्य स्पर्धेने संपतो. स्पर्धेच्या ड्रॉमध्ये कोणाला कुठे बसवायचे हे आधीच्या कामगिरीवरून ठरवण्याच्या पद्धतीला सीडिंग म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत त्याला ‘मानांकन’ हा शब्द रुळला आहे. वजनगटात पहिल्या सहा किंवा आठांत कोण येणार याचे अंदाज बांधणे हा याच्याच जोडीचा उद्योग. मानांकन हा आयोजकांनी केलेला अंदाज असतो आणि प्रेक्षकांचे अंदाज हे बहुधा त्यावर घेतलेले आक्षेप असतात. म्हणून या नोंदीत दोन्हींचा विचार एकत्रच केला आहे.

शालेय कुस्तीला तिथे अधिकृत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. नियमावली तयार करणारा शालेय क्रीडा महासंघ १९२० पासून आहे, पण स्पर्धा भरवते ती प्रत्येक राज्याची आपली संघटना, त्यामुळे जितकी राज्ये तितके रिवाज. पेनसिल्व्हेनियाची स्पर्धा हर्शीला होते (चॉकलेटवाले हर्शी तेच). न्यू जर्सीची अटलांटिक सिटीत, आयोवाची डे मॉइनला, न्यू यॉर्कची ऑल्बनीला. शाळेच्या पटसंख्येनुसार आयोवात तीन गट पाडतात. कॅलिफोर्नियासारख्या अवाढव्य राज्यात मात्र मोठ्या-छोट्या सगळ्या शाळांचे मल्ल बेकर्सफील्डला एकाच ड्रॉमध्ये उतरतात. १४ वजनगट धरले तर आयोवात मुलांचे ४२ विजेते होतात आणि कॅलिफोर्नियात १४. ‘राज्यविजेता’ या शब्दाचे वजन राज्यागणिक बदलते, आणि वादाची पहिली ठिणगी तिथेच पडते.

कुस्तीचा प्रकार फोकस्टाइल. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलपेक्षा यात खाली गेलेल्या प्रतिस्पर्ध्याला दाबून ठेवण्याला आणि त्याच्या कब्जातून सुटण्याला जास्त मोल आहे. लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन सत्रांची. पाठ दोन सेकंद टेकली की चीतपट. १५ गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते, याला तांत्रिक विजय म्हणतात.

ड्रॉचे गणित

१६ जणांच्या ड्रॉत पूर्ण मानांकन असेल तर पहिला सोळाव्याशी, दुसरा पंधराव्याशी, आठवा नवव्याशी अशा जोड्या लागतात. पहिला आणि दुसरा विरुद्ध अर्ध्यांत असतात, त्यामुळे ते भेटलेच तर अंतिम फेरीत. मानांकनाऐवजी नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या, तर सर्वोत्तम दोघे एकाच अर्ध्यात येण्याची शक्यता १५ पैकी ७, म्हणजे जवळपास ४७ टक्के. सलामीलाच समोरासमोर येण्याची १५ पैकी १. चौदा वजनगटांत असे एखादे तरी प्रकरण बहुधा होतेच, आणि पुढचे वर्षभर बोलायला तेवढे पुरते.

मात्र या वादात सगळे बोट दाखवतात ते पहिल्या मानांकनाकडे, आणि नेमके तिथेच सर्वांत कमी काही पणाला लागलेले असते. खरोखर सरस असलेल्याला वाटेत सगळ्यांनाच हरवायचे असते. कोण आधी, कोण नंतर, एवढाच फरक. ड्रॉची किंमत मोजतो तो पाचव्या-सहाव्या ताकदीचा मुलगा. त्याची वाट पहिल्याच्या बाजूने गेली की तो खालच्या फेऱ्यांत, म्हणजे हरलेल्यांना पदकाची दुसरी संधी देणाऱ्या फेऱ्यांत, ढकलला जातो, आणि तिथे दुसऱ्या बाजूने घसरलेला तिसऱ्या ताकदीचा मल्ल त्याची वाट बघत असतो. ज्या लढतीतला विजेता पदकात आणि पराभूत घरी, त्या फेरीला तिकडे ‘ब्लड राउंड’ म्हणतात. अंतिम फेरी पाहणारे खूप असतात, पण जाणकार मंडळी या फेरीला खुर्ची सोडत नाहीत.

इंडियाना: मानांकन नसलेले राज्य

मानांकनाशिवाय काय होते हे पाहायचे तर इंडियाना हे ठळक उदाहरण. तिथे अनेक वर्षे रूढ असलेली रचना चाळणीसारखी आहे: सर्वांत खाली ३२ विभागीय स्पर्धा (सेक्शनल), त्यांतले पहिले चार १६ रीजनलमध्ये, त्यांतले पहिले चार जण एकूण ४ सेमी-स्टेटमध्ये, आणि प्रत्येक सेमी-स्टेटचे पहिले चार इंडियानापोलिसला. प्रत्येक वजनात १६ जण, मुलांचे एकूण २२४. राज्य पातळीवर समिती बसत नाही, मते पडत नाहीत. एका सेमी-स्टेटचा विजेता दुसऱ्याच्या चौथ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी, हा तक्ता आधीच छापलेला असतो.

शुक्रवारी रात्री सलामीची फेरी. जिंकला तो पहिल्या आठांत, म्हणजे पदक पक्के. हरला त्याला दुसरी संधी नाही. त्या एका रात्रीत ११२ मुलांचा हंगाम संपतो. कुणाकुणाच्या शालेय कारकिर्दीची तीच अखेरची लढत असते.

आता समजा, राज्यातल्या सर्वोत्तम पाचांपैकी चौघे एकाच सेमी-स्टेटमध्ये आहेत. ते तिथे पहिले चार येतात. पाचवा दुसऱ्या सेमी-स्टेटचा विजेता आहे. छापील तक्त्यात विजेत्यासमोर चौथा येतो, म्हणजे शुक्रवारी राज्यातल्या चौथ्या आणि पाचव्या ताकदीच्या मल्लांची गाठ पडू शकते. एक घरी जाणार. शेजारच्या गादीवर दोन कमकुवत विभागांतले दुसरा आणि तिसरा भिडतात. त्यांतला एक, राज्यात कदाचित बाराव्या ताकदीचा, पदकासह परततो. राज्य स्पर्धेआधीची ‘तिकिटाची फेरी’ याहून कठोर. सेमी-स्टेटच्या उपांत्यपूर्व फेरीत जिंकला त्याला इंडियानापोलिसचे तिकीट, हरला त्याचा खेळ खलास. रीजनलच्या अंतिम लढतीत एका गुणाने हरल्यामुळे ड्रॉच्या नको त्या कोपऱ्यात गेलेला आणि तिथे तिकिटाच्या फेरीत अडकलेला मुलगा या कुस्तीप्रेमींच्या गप्पांत दर हंगामात असतो.

या रचनेचे समर्थक सांगतात की इथे कुणाच्या शब्दाला किंमत नाही. प्रशिक्षकांची वशिलेबाजी नाही, कागदावरची हुशारी नाही, जे काय ते गादीवर. या म्हणण्यात तथ्य आहे. पण छापील तक्ताही निष्पक्ष नसतो. त्यात माणसांऐवजी भूगोल मानांकन करतो, आणि भूगोलाकडे दाद मागता येत नाही.

मानांकनाची बैठक

मानांकन होते तिथे त्याचे निकष साधारण सारखेच असतात. आधी आपसातली लढत, मग सामाईक प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे निकाल, मग गेल्या वर्षीचे राज्य स्पर्धेतले स्थान, मग जय-पराजयाचा हिशेब आणि शेवटी प्रशिक्षकांचे मत. क्रम राज्यागणिक बदलतो. न्यू यॉर्कमध्ये गुणपद्धतीवर भर आहे, तर काही ठिकाणी समितीचा शब्द अखेरचा. आता बहुतेक माहिती संगणकावर असते. तरी खालच्या पातळीवर प्रशिक्षकांची प्रत्यक्ष बैठक अजून टिकून आहे. इंडियानातही राज्याला मानांकन नसले तरी सेक्शनलला असते.

बैठकीचे दृश्य सगळीकडे एकाच साच्याचे. शाळेचे कॅफेटेरिया किंवा एखादा वर्ग, टेबलावर कागद, थंड झालेली कॉफी. वजनगट पुकारला जातो. एक सांगतो, माझा मुलगा ३१-२. दुसरा म्हणतो, त्या ३१ मध्ये किती जण नवखे होते ते सांगा, माझा २२-७ आहे पण सातही पराभव डिसेंबरच्या मोठ्या स्पर्धांतले. हा युक्तिवाद पोकळ नाही. ओहायोतली वॉल्श जेझुइट आयर्नमन, डेलावेअरची बीस्ट ऑफ द ईस्ट किंवा पेनसिल्व्हेनियाची पॉवरेड अशा स्पर्धांत देशभरचे तगडे मल्ल येतात. तिथे दोनदा हरलेला मुलगा गावच्या सामन्यांत नाबाद राहिलेल्यापेक्षा पुष्कळदा सरस असतो. टक्केवारीला हे कळत नाही.

मग येते त्रिकोणाचे कोडे. अ ने ब ला हरवले, ब ने क ला, आणि क ने अ ला. आपसातल्या लढतीचा निकष इथे गोल फिरत राहतो. कुणी म्हणतो शेवटचा निकाल धरा, कुणी म्हणतो मोठ्या फरकाचा. नियम लिहिलेला असेल तर पाच मिनिटांत सुटते, नसेल तर कॉफी पुन्हा गरम करावी लागते.

मानांकनाचा एक दुष्परिणामही आहे. आपसातला निकाल इतका मोलाचा, तर तो निकाल लागूच न देणे ही पळवाट निघते. हंगामाच्या मधल्या स्पर्धेत अंतिम फेरीला अचानक गुडघा दुखू लागतो, किंवा दोन शाळांच्या सामन्यात मुलगा वरच्या वजनात सरकवला जातो. याला ‘डकिंग’ म्हणतात, आणि तिथल्या कुस्तीत हा शब्द शिवीसारखाच वापरतात. दुखापत खरी की सोयीची हे बाहेरच्याला सांगता येत नाही. त्यामुळे हा आरोप ठामपणे केला जातो आणि क्वचितच सिद्ध होतो.

अंदाज

राज्य स्पर्धेच्या आठवड्यात चाहते, पत्रकार आणि माजी मल्ल आपापल्या याद्या काढतात. १४ वजनांत आठ-आठ म्हणजे शाळांच्या एका गटाची ११२ नावे. सगळीकडे वरचे मानांकनच उचलणाऱ्याला ‘चॉक’ लावला असे म्हणतात. त्याची थट्टा होते, आणि सहसा तोच यादीत वर राहतो. इतरांना कुठेतरी धक्कादायक निकाल सांगायची हौस असते. असा निकाल लागतोही, पण त्यांनी सांगितलेल्या गटात लागेलच असे नाही.

याचे कारण साध्या गुणाकारात आहे. अव्वल मानांकिताची जिंकण्याची शक्यता चार फेऱ्यांत अनुक्रमे ९५, ९०, ८५ आणि ८० टक्के धरू. हे आकडे कल्पित आहेत, पण कंजूष नाहीत. चारही जिंकण्याची शक्यता येते सुमारे ५८ टक्के. चौदाही गटांत अशीच स्थिती असेल, तर चॉक लावणाऱ्याचे सरासरी आठ विजेते बरोबर येतील. चौदाच्या चौदा बरोबर यायची शक्यता दोन हजारांत एक. सहा ठिकाणी चुकलेल्या अंदाजकर्त्याला लोक अडाणी ठरवतात. या गणितात मात्र तो अपेक्षेप्रमाणेच वागलेला असतो.

संघाच्या विजेतेपदाचा अंदाज आणखी किचकट. स्थानाचे गुण मिळतातच, शिवाय चीतपटीला २, तांत्रिक विजयाला दीड आणि आठ ते चौदा गुणांच्या फरकाला १ जादा गुण मिळतो. त्यामुळे खालच्या फेरीतली एखादी झटपट चीतपट संघाला चषक देऊन जाते, आणि ती मारणारा पदकाच्या छायाचित्रात नसतोही.

जाणकार अंदाजकर्ता आधी वजनाचा तक्ता पाहतो. १९९७ च्या अखेरीस वजन उतरवण्याच्या नादात तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले. त्यानंतर नियम आवळले गेले, आणि २००६-०७ पासून शालेय कुस्तीतही हंगामाच्या सुरुवातीची तपासणी सक्तीची झाली. शरीरातले पाण्याचे प्रमाण तपासतात आणि चरबी मोजतात. मुलांसाठी ७ आणि मुलींसाठी १२ टक्के चरबीच्या खाली नेणारे वजन मंजूर होत नाही. उतरवायचे ते आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त नाही. त्यामुळे १६५ पौंडांत लढणारा मुलगा १५७ ला कधी येऊ शकतो याची तारीख मोजता येते. स्पर्धेच्या तोंडावर तो खालच्या वजनात उतरला की त्या गटाची सगळी यादी एका रात्रीत जुनी होते.

मुलींच्या गटात अंदाज आणखी डळमळीत असतात. मुलींची अधिकृत राज्य स्पर्धा सर्वांत आधी हवाईत १९९८ ला सुरू झाली, इंडियानात ती २०२४-२५ च्या हंगामात आली. जिथे गेल्या वर्षीचे निकालच नाहीत तिथे मानांकनाचा अर्धा आधार नसतो.

मराठी वाचकाला हा सगळा खटाटोप थोडा परका वाटेल. आपल्याकडे मैदानी कुस्तीत जोड आधीच ठरते. कोण कोणाशी लढणार हे कळल्यावरच लोक मैदानाला येतात, त्यामुळे वाद जोडीवर होतो, ड्रॉवर होत नाही. पण बिगरमानांकित असणे म्हणजे काय हे २०२४ मध्ये भारताने पाहिले. पॅरिस ऑलिंपिकच्या ५० किलो गटात विनेश फोगाटला मानांकन नव्हते, आणि पहिल्याच लढतीत समोर आली अग्रमानांकित युई सुसाकी, जिला तोवर परदेशी प्रतिस्पर्धीने आंतरराष्ट्रीय लढतीत हरवलेले नव्हते. विनेशने ती कुस्ती ३-२ अशी मारली. सुसाकी त्या ड्रॉमुळे सलामीलाच मुख्य फेरीतून बाहेर गेली. पण विनेश अंतिम फेरीत पोहोचल्यामुळे सुसाकीला रेपेचेजची (अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीची) वाट उघडली आणि त्या वाटेने सुसाकीने कांस्य मिळवले. अंतिम लढतीच्या सकाळी विनेशचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले, ती अपात्र ठरली आणि उपांत्य फेरीत तिच्याकडून हरलेली क्यूबाची मल्ल अंतिम फेरीत उतरली.

शालेय स्पर्धेतही वजनकाट्याशेजारी आणखी एक टेबल असते, त्वचा तपासणीचे. नायटा, पुरळ किंवा विषाणूचे फोड एकाचे दुसऱ्याला लागतात म्हणून प्रत्येक मल्लाची कातडी पाहिली जाते. संशय आला आणि डॉक्टरांचा कागद नसला, तर पहिले मानांकन असलेला मुलगाही गादीवर जात नाही. त्याच्या नावापुढे प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल मिळाल्याची नोंद होते आणि तक्त्याचा तो कोपरा मोकळा पडतो.