ऊन कडक म्हणून सोलर जास्त चालतं?

‘आपल्या विदर्भात ४५-४६ अंश तापतं, म्हणजे सोलरला सोन्याचे दिवस!’ छतावर पॅनल बसवायचं म्हटलं की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ मध्ये आल्यापासून तर जास्तच.

पॅनलला हवा असतो उजेड, उष्णता नव्हे. पॅनलच्या मागे चिकटवलेलं लेबल वाचा. त्यावरची वॅटची क्षमता मोजलेली असते ती सेलचं (पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चौकटींचं) तापमान २५ अंश असताना. त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं. मे महिन्यात भर दुपारी सेल सहज ६५ अंशांवर जातो, म्हणजे चाळीस अंश जास्त. तीन किलोवॅटच्या संचातले चारेकशे वॅट तिथेच गेले. हिवाळ्यातल्या स्वच्छ, गार दुपारी तोच संच तेवढ्याच उन्हात जास्त वीज देतो.

मग उन्हाळ्यात सोलर तोट्याचं? छे! दिवस मोठा, आभाळ मोकळं, त्यामुळे महिन्याची युनिटं भरपूरच पडतात. खरी मार बसते ती जुलै-ऑगस्टच्या ढगांत.

उष्णतेवरचा उपाय बसवतानाच करायचा असतो. पॅनल पत्र्याला चिकटवून बसवणारे कारागीर (स्टँडचे पैसे वाचतात ना!) खालची हवाच अडवतात. खाली हात जाईल एवढी मोकळी जागा मागून घ्या. आणि धूळ पहाटेच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते.