पहिलं मत फुकट, दुरुस्तीला मात्र कष्ट

"मला माणूस बघताक्षणी कळतो," असं छातीठोकपणे सांगणारं कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतं. या दाव्याचा अर्धा भाग खरा आहे. बघताक्षणी मत बनतं, यात शंका नाही. ते मत बरोबर असतं का, हा प्रश्न वेगळा.

२००६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जेनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले, काहींना फक्त एक दशांश सेकंद. मग विचारलं: हा माणूस विश्वासू वाटतो का? कर्तबगार वाटतो का? भांडखोर? पापणी लवते न लवते एवढ्या वेळात दिलेली ही उत्तरं, दुसऱ्या काही लोकांनी निवांत फोटो न्याहाळून दिलेल्या उत्तरांशी चांगलीच जुळली. ज्यांना अर्धा किंवा एक सेकंद मिळाला, त्यांची मतंही फारशी वेगळी नव्हती. वाढला तो स्वतःच्या मतावरचा भरवसा.

इथे एक घोटाळा होतो. सगळ्यांना एकच चेहरा 'बेरकी' वाटला म्हणून तो माणूस बेरकी ठरत नाही. मतांची एकवाक्यता हा मताच्या खरेपणाचा पुरावा नव्हे. याच चुकीवर चेहरा वाचून स्वभाव सांगणाऱ्यांचा धंदा चालतो. चेझारे लोंब्रोझोने १८७६ मध्ये जबडा आणि कपाळ मोजून 'जन्मजात गुन्हेगार' ओळखता येतात असं पुस्तक लिहून मांडलं होतं. ते शास्त्र कधीच मोडीत निघालं, पण 'देहबोलीवरून खोटारडा ओळखा' असे व्हिडिओ आजही धडाक्यात चालतात. कुठलीही विशेष मदत नसताना माणसं खरं-खोटं किती अचूक ओळखतात, याच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये आला. सरासरी निघाली ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५० टक्के मिळतातच.

पण मला सगळ्यात आवडतो तो १९८८ चा प्रयोग, मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्याची पार्श्वभूमी अशी: एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं होतं, की एखाद्याला 'क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने लेख लिही' असा हुकूम दिला होता हे माहीत असूनही वाचक त्याला थोडाफार कॅस्ट्रोवादी समजतातच. परिस्थिती डोळ्यांसमोर असते, तरी खापर स्वभावावर फुटतं. असं का होतं, हे गिल्बर्ट यांना शोधायचं होतं.

त्यांनी एका तरुणीच्या मुलाखतीच्या मूक चित्रफिती दाखवल्या. बहुतेक चित्रफितींत ती अस्वस्थ होती, चुळबुळ करत होती. आवाज नव्हता, पण कुठल्या विषयावर बोलणं चाललंय ते पडद्यावर लिहिलेलं येई. निम्म्या प्रेक्षकांना दिसले जगप्रवास, फॅशन असे साधे विषय. उरलेल्यांना लैंगिक कल्पना, मनातली गुपितं असे घाम फोडणारे. चित्रफिती सगळ्यांना त्याच. मग प्रश्न: ही मुलगी स्वभावाने किती चिंताग्रस्त आहे?

अवघड विषय दिसलेल्यांनी तिला सूट दिली. असल्या प्रश्नांवर कुणीही चुळबुळ करेल, असा त्यांचा हिशोब. मात्र दोन्ही गटांतल्या काहींना सोबत एक काम दिलं होतं: पडद्यावर येणारे विषय पाठ करायचे. प्रयोगाचा खट्याळपणा इथेच आहे. सूट देण्यासाठी जी माहिती हवी, तीच हे लोक मनात घोकत होते. नंतर विचारल्यावर त्यांना विषय इतरांपेक्षा जास्त आठवलेही. तरीही अवघड विषयांची सूट त्यांनी तिला दिली नाही. विषय साधे असोत वा अवघड, मुलगी सारखीच 'चिंताग्रस्त' ठरली.

म्हणजे माहिती कमी पडली नव्हती, ती वापरायला मन मोकळं नव्हतं. गिल्बर्ट यांच्या मांडणीत हे काम तीन टप्प्यांत होतं. आधी वर्तन ओळखायचं (चुळबुळ), मग त्यावरून स्वभाव ठरवायचा (भित्री), आणि शेवटी परिस्थिती जमेस धरून तो निष्कर्ष सुधारायचा. पहिले दोन टप्पे जवळजवळ आपोआप होतात. तिसऱ्याला श्रम लागतात, त्यामुळे डोकं दुसरीकडे गुंतलं की गळतो तो तिसराच. मन आधी निकाल देतं आणि वेळ उरला तर साक्षी तपासतं. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच आधणात शिजलेली असतात. माणसाचा एक क्षण मात्र त्याच्या बाकीच्या क्षणांचा नमुना असेलच असं नाही.

हे सगळीकडे सारख्या प्रमाणात घडतं असंही नाही. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये अमेरिकन आणि म्हैसूरमधल्या हिंदू लोकांची तुलना केली. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण सांगताना अमेरिकन प्रौढ स्वभावाकडे जास्त बोट दाखवत, म्हैसूरचे प्रौढ परिस्थितीकडे. लहान मुलांत हा फरक फारसा नव्हता. म्हणजे यातला काही भाग शिकलेला आहे. (यावरून लगेच कुणी छाती फुगवू नये. हा कल आहे, कवचकुंडलं नव्हेत.)

दुसऱ्याबद्दल मत बनवतानाची नम्रता हा स्वभावगुण मानला जातो. हे प्रयोग वाचल्यापासून मला तो बराचसा सवडीचा प्रश्न वाटतो. थकलेला, घाईतला, फोनमध्ये अडकलेला माणूस दुष्ट नसतो, त्याचा तिसरा टप्पा बंद पडलेला असतो. 'निःपक्षपाती राहा' असं त्याला बजावून भागत नाही. संशोधकांच्या एका गटाने १९८४ मध्ये हे तपासलं. नुसत्या उपदेशाचा परिणाम दिसला नाही. पण 'हाच पुरावा उलट निष्कर्ष देणारा असता, तर तू तो असाच जोखला असतास का?' असं स्वतःला विचारायला लावल्यावर एकांगीपणा कमी झाला.

दुसरा उपाय फिलिप टेटलॉक यांच्या १९८५ च्या प्रयोगात सापडतो. एका वादग्रस्त विषयावरचा लेख वाचून लेखकाबद्दल मत द्यायचं होतं. तुमच्या मताची कारणं तुम्हाला समोरच्याला द्यावी लागतील, असं काहींना वाचण्याआधी सांगितलं. लेखकावर सक्ती होती की नव्हती, याची दखल त्यांनी नीट घेतली. काहींना तेच वाचून झाल्यावर सांगितलं. त्यांच्या मतांत काहीच फरक पडला नाही, कारण तोवर लेखक कसा आहे हे त्यांचं ठरून गेलं होतं.