युनिट टेस्टमधील टॉलरन्स

युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रॅमचा एखादा छोटा भाग बरोबर चालतो का ते तपासणारा कोड. त्यात प्रोग्रॅमने काढलेली अपूर्णांकी संख्या अपेक्षित संख्येशी तंतोतंत न जुळवता, ती ठरवून दिलेल्या फरकाच्या आत बसते का, एवढेच तपासण्याची पद्धत. त्या मान्य फरकाला टॉलरन्स म्हणतात. मराठीत 'सूट' म्हणता येईल, पण पणजी-पर्वरीच्या ऑफिसांत तसे कोणी म्हणत नाही. त्यापेक्षा बाजारातला 'पासंग' जवळचा वाटतो. तराजू रिकामा असतानाही दोन पारड्यांत जो थोडा फरक असतो तो पासंग; त्यात विकणाऱ्याची लबाडी असेलच असे नाही, तो काट्याचाच स्वभाव.

इथला काटा म्हणजे संगणकात अपूर्णांक कसे साठवायचे ते ठरवणारे १९८५ सालचे आयईईई ७५४ हे मानक. संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, साठवल्या जातात आणि ०.१ ला त्या पद्धतीत शेवटच नाही, जसा १/३ ला दशमान पद्धतीत नाही. 'डबल' या ६४ बिटांच्या (म्हणजे ६४ द्विमान अंकांच्या) साठवणीत ती ५३ सार्थ बिटांत बसवावी लागते. म्हणून ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते आणि '== ०.३' (तंतोतंत ०.३ च हवे) लिहिलेली टेस्ट लाल होते, म्हणजे नापास होते.

टॉलरन्स निरपेक्ष असतो किंवा सापेक्ष. निरपेक्ष म्हणजे ठरावीक फरक, सापेक्ष म्हणजे अपेक्षित संख्येच्या प्रमाणात. दुसरा सोयीचा वाटतो, पण फसवतो. रायबंदरचा फेरीबोटीचा धक्का घ्या: अक्षांश सुमारे १५.५, रेखांश ७३.८७. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पायटेस्ट या टेस्टिंग साधनाच्या 'अप्रॉक्स'मध्ये सापेक्ष टॉलरन्स, काही न सांगता, दहा लाखांत एक असतो. अक्षांशावर ही सूट होते सुमारे १.७ मीटर, रेखांशावर जवळजवळ ८ मीटर. धक्का एकच, पण उत्तर-दक्षिण चूक पकडली जाते आणि तेवढीच पूर्व-पश्चिम चूक निसटते. याला कारण फक्त एवढेच की शून्य रेखांश ग्रीनिचला मानले आहे! उलट पायथनसोबतच येणाऱ्या 'युनिटटेस्ट' या साधनातील 'असर्टऑलमोस्टईक्वल' फरक सात दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करून शून्य येतो का पाहते, म्हणजे जमिनीवर जेमतेम अर्धा सेंटिमीटर. तोच रेखांश ३२ बिटांत साठवला असेल तर लगतच्या दोन संख्यांतच सुमारे ८२ सेंटिमीटरचे अंतर पडते, तेव्हा ही टेस्ट बिनकारण पडू शकते. अशा ठिकाणी मीटरमध्ये अंतर काढून त्यावर निरपेक्ष टॉलरन्स लावणे बरे.

अपेक्षित उत्तर शून्य असेल तर सापेक्ष टॉलरन्सही शून्य होतो. साइन पायचे उत्तर संगणकावर शून्य नसून सुमारे १.२ × १०⁻¹⁶ येते, आणि पायथनचे 'मॅथ.आयझक्लोज' निरपेक्ष टॉलरन्स वेगळा दिल्याशिवाय त्याला शून्याजवळचे मानत नाही.

टेस्ट हिरवी होईपर्यंत टॉलरन्स वाढवत नेणे ही सर्रास दिसणारी खोड. रुपयांच्या हिशेबात तर हा प्रश्न बहुतेक वेळा ओढवून घेतलेला असतो: रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवली की बेरजेच्या टेस्टला '==' पुरते.