अतिवृष्टीचं अनुदान आणि पीक विमा: सोयाबीन एकच, पैशाच्या वाटा दोन

सोयाबीन पाण्यात गेलं की महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला दोन ठिकाणांहून पैसे मिळू शकतात: तहसीलमार्फत सरकारी मदत आणि विमा कंपनीकडून भरपाई. एक मिळाली म्हणून दुसरी बंद होत नाही. तरी अनुदान न आल्याची तक्रार घेऊन लोक विमा कंपनीच्या माणसाला गाठतात आणि विमा अडला की तलाठ्याला.

अनुदानाला हप्ता भरावा लागत नाही. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच नाव यादीत बसतं. मात्र एकदा बसलं की ३५ टक्केवाल्याला आणि सगळं गमावलेल्याला हेक्टरी दर सारखाच: जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये. मूळ मर्यादा दोन हेक्टर. राज्याने जानेवारी २०२४ मध्ये जिरायतीचा दर १३,६०० आणि मर्यादा तीन हेक्टर केली होती, मे २०२५ मध्ये ते मागे घेतलं, आणि ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये मर्यादा पुन्हा तीन हेक्टरवर नेली. त्यामुळे शेजारच्याला मागे किती मिळाले होते यावरून हिशेब करू नये, त्या नुकसानीचा शासन निर्णय काय म्हणतो ते पाहावं.

विम्याचा हिशेब अगदी निराळा. १ रुपयातला विमा खरीप २०२५ पासून बंद झाला. आता खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याचा. त्याच हंगामापासून राज्याने भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळातल्या काही शेतांचं पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पादनावर ठेवली. पूर्वी ७२ तासांत नुकसान कळवून जी भरपाई मागता यायची, ती सोय खरीप २०२५ मध्ये नव्हती. तरीही पाऊस पडला की अ‍ॅपवर फोटो टाकायला झुंबड उडालीच.

समजा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० आहे आणि मंडळाचं उंबरठा उत्पादन १० क्विंटल. उंबरठा म्हणजे गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी गुणिले जोखीमस्तर, म्हणजे ७० टक्के. कापणी प्रयोगांत मंडळाची सरासरी ७ क्विंटल निघाली तर तूट ३० टक्के, भरपाई हेक्टरी १५,०००. तुमच्या शेतात एक पोतं निघालं की आठ, त्याने फरक पडत नाही. ओढ्याकाठचं रान वाहून गेलं आणि बाकी मंडळात बरं पिकलं, तर विम्याचा रुपयाही येत नाही. ही या पद्धतीची सर्वांत मोठी खोट आहे. उंबरठाही आधीच ७० टक्क्यांवर, त्यामुळे थोडीथोडकी घट तर त्यात मोजलीच जात नाही.

दोन्हीकडे पैसे अडतात ते बहुधा कागदावर. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरून सातबाऱ्यावर केलेल्या पीकनोंदीत, तूर आणि विम्यात सोयाबीन लिहिलं असेल तर विमा जातो, कारण तफावतीत पीक पाहणीच ग्राह्य धरतात. सामाईक सातबाऱ्यावर बाकी खातेदारांचं संमतिपत्र लागतं. अनुदान आधारला जोडलेल्या खात्यात जमा होतं, तुम्ही तलाठ्याला दिलेल्या पासबुकाच्या खात्यात नव्हे. आधी कधीतरी दुसऱ्या बँकेत आधार जोडला असेल तर पैसे तिकडे सापडतात. बँकेने ही मदत कर्जात वळती करायची नसते. केली तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा.

आणि दुसऱ्याचं रान वाट्याने कसणारा बटईदार? सातबारा मालकाच्या नावावर, म्हणून अनुदान मालकाला, मग तो पुण्यात राहत असला तरी. विमा कुळाला किंवा भाडेपट्ट्यावर कसणाऱ्याला काढता येतो, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो. बटई तोंडी चालते, त्यामुळे तिथेही तो बाहेरच राहतो.