गाडी कडक, म्हणजे पकड पक्की?

गणपतीत कोकणात उतरणाऱ्या गाड्यांमध्ये दरवर्षी दोन-चार तरी अशा असतातच. छोटी हॅचबॅक, काळे अलॉय, टायर आणि मडगार्डच्या मध्ये जेमतेम बोट शिरेल एवढी फट आणि मागे खाकरणारा सायलेन्सर. मागच्या सीटवर आई पेणपासून कमरेला हात लावून बसलेली असते आणि पुढचे चिरंजीव सांगत असतात, "काका, सस्पेंशन कडक करून घेतलंय. रोडग्रिप बघाच तुम्ही!"

हे म्हणणं गुळगुळीत रस्त्यावर अर्धंमुर्धं खरं आहे. वडखळ मागे पडून खड्डे लागले की तेवढंही राहत नाही. गाडी कडक केली की ती वळणावर कमी झुकते, हे कबूल. पण न झुकणं आणि रस्ता धरून राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत होते म्हणून आईची कंबर जाते, आणि गंमत म्हणजे बदल्यात पकडही हाती लागत नाही.

सस्पेंशन म्हणजे गाडी आणि चाकं यांच्या मधली स्प्रिंग आणि त्यांचं डोलणं आवरणारे शॉकअप. सुरुवात स्प्रिंगपासून करू. स्प्रिंगवर वजन ठेवून दाबून सोडलं की ते ठरावीक लयीत वरखाली होतं, हे शाळेत झालेलं आहे. गाडीची ही लय काढायला एक झकास युक्ती आहे. गाडी स्वतःच्या वजनाने स्प्रिंगवर जितके सेंटीमीटर दबलेली असते, त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि ५ ला त्याने भागायचं. २५ सेंटीमीटर दबली असेल तर सेकंदाला १ हेलकावा, म्हणजे १ हर्ट्झ. १६ सेंटीमीटरला सव्वा हर्ट्झ. ९ सेंटीमीटरला १.६७. घरगुती गाड्या साधारण १ ते दीड हर्ट्झमध्ये बसतात, स्पोर्टी हॅचबॅक दीडच्या वर.

आता माणसाच्या शरीराकडे या. आपण चालतो तेव्हा सेकंदाला दोनच्या आसपास पावलं पडतात, त्यामुळे १ ते २ हर्ट्झचं वरखाली होणं अंगवळणी पडलेलं असतं. ४ ते ८ हर्ट्झचे हादरे मात्र बसलेल्या माणसाला सर्वात जास्त जाणवतात, कारण पोटातले अवयव आणि मणका त्याच लयीत डोलू लागतात. उलट दिशेला गेलं तर वेगळंच दुखणं. ०.२ हर्ट्झ, म्हणजे पाच सेकंदांना एक हेलकावा, ही मळमळीची खास लय. पावसाळा संपता संपता भाऊच्या धक्क्यावरून रेवसला किंवा गेटवेवरून मांडव्याला लाँचने गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून गाडी मऊ करत नेली की ती आपोआप आरामदायक होते असंही नाही.

हा हिशेब आधी करणाऱ्यांपैकी एक मॉरिस ओली. हा ब्रिटिश अभियंता रोल्स-रॉइस सोडून १९३० साली कॅडिलॅक या अमेरिकन मोटार कंपनीकडे गेला. गाडीच्या पुढेमागे वजनं सरकवता येतील असा सांगाडा त्याने बनवला आणि निरनिराळी वजनं लावून ती गाडी रस्त्यावर फिरवली. त्याला आढळलं की पुढची लय थोडी संथ आणि मागची किंचित जलद असेल तर गाडी होडीसारखी नाक वर-शेपूट खाली करत नाही. उंचवट्यावर आधी पुढची चाकं चढतात, मागची नंतर. मागची बाजू जरा घाईने डोलली की ती पुढचीला गाठते आणि दोन्ही बरोबरीने शांत होतात. आजच्या बहुतेक मोटारींत हे सूत्र कुठे ना कुठे मुरलेलं आहे.

मग छोटी गाडी २५ सेंटीमीटर दबेल एवढी मऊ का करत नाहीत? कारण ती छोटी आहे. हजार किलोच्या गाडीत चार माणसं, बॅगा, परतीला नारळ आणि कोकमाचे डबे मिळून ३०० किलो सहज होतात, म्हणजे ३० टक्के वजन वाढलं. १ हर्ट्झची गाडी या वजनाने आणखी साडेसात सेंटीमीटर खाली बसेल आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला पोट घासेल. १.६७ हर्ट्झची गाडी पावणेतीन सेंटीमीटरच बसते. मोठ्या जड गाडीला तेच ३०० किलो फारसे जाणवत नाहीत, म्हणून तिला मऊ राहणं परवडतं. छोट्या गाडीचा कडकपणा हा सगळाच काही रुबाब नसतो, निम्मा तिच्या अंगकाठीचा भाग आहे. आणि एकटा माणूस घेऊन आदळणारी स्पोर्टी हॅचबॅक माणसांनी भरली की अचानक शहाण्यासारखी चालू लागते, तेही याच कारणाने. वजन वाढलं की लय संथ होते.

आता पकड. वळणावर वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं, याचं गणित सोपं आहे. गाडीचं वजन, वळणाचा जोर आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करून डाव्या-उजव्या चाकांतल्या अंतराने भागायचं. ११०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर, चाकांतलं अंतर दीड मीटर, आणि गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराचं वळण, एवढं धरलं तर साधारण २०० किलो इकडचे तिकडे जातात. या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही. मऊ असो वा कडक, २०० किलो जाणारच. झुकण्यामुळे गुरुत्वमध्य थोडा बाजूला सरकतो त्याचा परिणाम होतो, पण तो किरकोळ. कडक स्प्रिंग आणि जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं कमी करणारा दांडा) यांनी मिळतं ते वेगळं. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी चटकन वळते, टायर रस्त्यावर सपाट टेकून राहतो, आणि पुढची चाकं आधी घसरणार की मागची, हे अभियंत्याला ठरवता येतं. १९७६ साली विक्रीला आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयपासून आपल्याकडच्या पुंटो अबार्थ, बलेनो आरएस, आय२० एन लाइन, अल्ट्रोझ रेसरपर्यंत सगळी स्पोर्टी हॅचबॅक मंडळी याच वाटेवरची. गुळगुळीत रस्त्यावर त्यात आनंद आहे आणि मी तो नाकारत नाही. आरे-वारेच्या वळणांवर समुद्र बाजूला ठेवून अशी गाडी चालवणं म्हणजे काय, ते चालवणाऱ्यालाच कळतं.

पण रस्ता खडबडीत झाला की पकडीचं गणित फिरतं. टायरवरचा भार दुप्पट झाला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे सतत ३०० किलो भार असलेला टायर जितका धरतो, तितका एकदा १०० आणि एकदा ५०० किलो भार येणारा टायर धरत नाही, सरासरी तीच असली तरी. शिवाय टायरला बाजूची पकड पूर्ण तयार करायला अर्धा ते एक फेरा जमिनीवर फिरावं लागतं. चाक उडून परत टेकलं की हा फेरा नव्याने सुरू. खडी उखडलेल्या घाटात कडक गाडी वळणाच्या बाहेर सरकत जाते ती यामुळे.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो, शॉकअप. स्प्रिंग किती दबलं यावर त्याचा जोर ठरतो. शॉकअपला त्याच्याशी देणंघेणं नाही, त्याचा जोर फक्त वेगावर ठरतो. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला भोकं. हळू ढकललं तर तेल निवांत वाट काढतं, जोरात ढकललं तर अडतं. विहिरीच्या पाण्यात हात अलगद शिरतो आणि फटका मारला तर तेच पाणी फरशीसारखं लागतं, तसं. गाडीच्या डोलण्याची ऊर्जा तिथे उष्णतेत जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागेल.

शॉकअप किती घट्ट असावा? इथे एक पेच आहे, आणि मला तो फार सुंदर वाटतो. समजा गाडीची लय १.४ हर्ट्झ आहे. पुलाच्या दोन्ही टोकांना भराव खचून रस्त्याला जो लांबलचक हेलकावा येतो, तो ठरावीक वेगात नेमका याच लयीशी जुळतो. अशा वेळी सैल शॉकअपची गाडी रस्त्यापेक्षा सव्वादोन पट डोलते, तर घट्ट शॉकअपची सव्वा पट. घट्ट जिंकला. आता त्याच गाड्या चौपदरी महामार्गाच्या काँक्रीटवर घाला. काँक्रीटच्या लाद्यांना साधारण दर साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५ सांधे. ५ हर्ट्झ! बरोबर पोटाची लय. साध्या सूत्राने पाहिलं तर सैल शॉकअपची गाडी त्या हादऱ्याचा १७ टक्के भाग सीटपर्यंत पोचवते आणि घट्टची ४० टक्के. इथे घट्ट हरला, तोही दणदणीत.

ही अदलाबदल होते कुठे? गाडीच्या लयीला दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१ ने गुणा. १.४ हर्ट्झच्या गाडीला ही सीमा २ हर्ट्झवर येते. त्या खालच्या हादऱ्यांना घट्ट शॉकअप चांगला, वरच्यांना सैल. दणदण वाढवणारा घटक म्हणून आपण शॉकअप सहसा मोजतच नाही, सगळा दोष स्प्रिंगला देतो. आणि गुंता इथेच संपत नाही. चाक, ब्रेक आणि हब मिळून ३५-४० किलोंचा तो गोळा टायर आणि स्प्रिंगच्या मध्ये स्वतःच्या लयीत थरथरतो, सेकंदाला १० ते १५ वेळा. शॉकअप फार सैल केला तर हा थरथराट थांबत नाही आणि चाक रस्त्यावर टपटपत राहतं. म्हणजे एकाच नळीने गाडीचा हेलकावा आवरायचा, चाकाची थरथर आवरायची आणि मधल्या हादऱ्यांच्या वाटेतून दूर राहायचं.

यावरचा तोडगा दट्ट्यातच आहे. वळणावर गाडी झुकते तेव्हा शॉकअपचा दट्ट्या सेकंदाला ५-१० सेंटीमीटर सरकतो. खड्ड्याची कड लागते तेव्हा सेकंदाला मीटरभर किंवा जास्त. वेग दहा पट. दट्ट्याला नुसती ठरावीक भोकं असतील तर तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शंभर पट. असा शॉकअप खड्ड्यात लोखंडाच्या दांड्यासारखा वागतो. म्हणून चांगल्या शॉकअपमध्ये भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत बसवलेली असते. चकत्या हळू वेगात भोकं दाबून धरतात, त्यामुळे वळणावर गाडी बांधलेली राहते. दाब एका हद्दीपलीकडे गेला की त्याच चकत्या कडांना वाकतात, तेलाला वाट देतात, आणि खड्ड्याचा दणका आत येत नाही. कुठली चकती किती जाड, कितीचा ढीग, कुठल्या क्रमाने, हे ठरवायला अभियंते महिनोन् महिने गाडी फिरवतात. चकत्या मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाच्या असतात. चांगली हॅचबॅक आणि नुसती कडक हॅचबॅक यांत फरक पडतो तो इथे, आणि तो जाहिरातीत दिसत नाही. २००२ साली कॅडिलॅकने तेलात लोखंडाची भुकटी घालून चुंबकाने ते तेल क्षणात दाट करणारा शॉकअपही बाजारात आणला. काम तेच, पण किंमत आपल्या हॅचबॅकला झेपणारी नाही.

बाजारात मिळणारे उपाय याच्या पासंगालाही पुरत नाहीत. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत ठोकायचे रबरी ठोकळे 'राइड मऊ होते' म्हणून खपवले जातात. ते काही वेटोळी अडवतात, म्हणजे स्प्रिंग कडकच होतं. गाडी उचललेली दिसते, एवढंच. टायरात नायट्रोजन भरला की गाडी तरंगते, हा दुसरा दावा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि टायरला दाब कळतो, वायूचं नाव कळत नाही. नव्या गाडीच्या चार चाकांखाली चार लिंबं चिरडण्याची पद्धत तर आहेच. त्याच दिवशी चारही टायरांतली हवा मोजून घेणारा मात्र मला अजून भेटायचा आहे. शोरूममधून आलेल्या गाडीत वाहतुकीसाठी कधीकधी जास्त हवा भरलेली असते, आणि महिनाभर मालक 'सस्पेंशन कडक आहे' म्हणून कुरकुरत राहतो. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो.

टायरची बाजूची भिंत हेही एक स्प्रिंगच आहे. १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, भिंत तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) या टायरची भिंत १२० मिलिमीटर, १९५/५५ आर १६ ची १०७, २१५/४५ आर १७ ची जेमतेम ९७. मोठे अलॉय घातले की दिसायला गाडी तगडी होते, वजन चाकात वाढतं, आणि खड्ड्याची कड व रिम यांच्यामधलं रबर कमी होतं. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल हे कळतच नाही. मग भिंतीला फुगा येतो किंवा रिम वाकते. कोकणात राहणाऱ्याने एक इंच लहान रिम घेणं हा मला तरी कमीपणा वाटत नाही.

गाडी घ्यायला जाल तेव्हा शोरूमच्या माणसाने दाखवलेल्या गुळगुळीत फेरीवर विश्वास ठेवू नका. काँक्रीटवर ताशी ८० ने चालवा, मग रंबलर पट्ट्यांवरून ४० ने, आणि एखाद्या वाडीत जाणाऱ्या फुटक्या डांबरावरून जमेल तसं. यातली एक फेरी स्वतः मागच्या सीटवर बसून करा. मागचं चाक बुडाखालीच असतं, खरं काय ते तिथे कळतं.

गाडी जुनी असेल तर आधी शॉकअपच बघा. खाऱ्या हवेत दांड्यावरचा क्रोमचा थर जागोजाग गंजतो, ते खरखरीत डाग वरखाली होताना तेलाचं सील कापतात आणि तेल बाहेर झिरपतं. नळीवर धूळ चिकटलेला तेलकट पट्टा दिसला किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबायच्या ऐवजी डोलत राहिली, तर शॉकअप गेला. बदलताना डावा-उजवा जोडीने बदला. एकच नवा टाकला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.