सिनेमासाठी टीव्हीची पिक्चर सेटिंग

टीव्हीच्या मेन्यूत ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर, शार्पनेस, कलर टेंपरेचर, मोशन असे जे पर्याय असतात त्यांना मिळून पिक्चर सेटिंग म्हणतात. सिनेमासाठी ती लावायची म्हणजे दिग्दर्शक आणि कलरिस्टने (सिनेमाचे रंग ठरवणाऱ्याने) स्टुडिओतल्या मॉनिटरवर जे चित्र पक्कं केलं, त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. त्या मॉनिटरचे नियम ठरलेले आहेत, पांढरा रंग डी६५ या ठरलेल्या छटेचा म्हणजे साधारण ६५०० केल्विन (केल्विन हे रंगाच्या छटेचं माप), एचडीसाठी रंग बीटी.७०९ या मानकाप्रमाणे, साध्या एसडीआर (म्हणजे एचडीआर नसलेल्या) चित्रातला सगळ्यात उजळ पांढरा १०० निट (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप), आणि खोलीत अगदी मंद उजेड. घरी आलेला नवा टीव्ही मात्र बहुतेक वेळा स्टँडर्ड नाहीतर व्हिविड मोडवर असतो, आणि व्हिविड हा शोरूमच्या लखलखाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसण्यासाठी केलेला मोड आहे, निळसर पांढरा, भडक रंग, कडा टोकदार. त्यामुळे इथे बरंचसं काम टीव्हीने स्वतःच्या मनाने घातलेलं काढून टाकायचंच असतं.

सुरुवात मोडपासून करायची. सिनेमा, मूव्ही, कस्टम किंवा फिल्ममेकर मोड, यातला जो असेल तो निवडला की निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं. फिल्ममेकर मोड टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर केला, मार्टिन स्कॉर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन, पॅटी जेनकिन्स असे दिग्दर्शक त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि तो लावला की मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणं), जास्तीचं शार्पनिंग, नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे पुसणं) हे सगळं एकदम बंद होतं आणि पांढरा डी६५ वर येतो.

सिनेमाचं सगळ्यात जास्त नुकसान मोशन स्मूदिंग करतं. सिनेमा बोलायला लागला त्या सुमारास, १९२० च्या दशकाच्या शेवटी, सेकंदाला २४ फ्रेम हे प्रमाण ठरलं आणि ते आजही तसंच आहे. टीव्हीचा पॅनल म्हणजे पडदा ६० नाहीतर १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्यांदा चित्र दाखवणारा, मग टीव्ही काय करतो तर दोन खऱ्या फ्रेमच्या मधे अंदाजाने बनवलेल्या फ्रेम घुसवतो, आणि क्रिकेटला ते चालूनही जातं पण सिनेमात सगळं सरसर घसरत गेल्यासारखं दिसतं, महागडा सेट रोजच्या मालिकेचा वाटायला लागतो, कोणी पटकन हात हलवला की बोटांभोवती चित्र विरघळतं. यालाच सोप ऑपेरा इफेक्ट म्हणतात. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी खास व्हिडिओ करून लोकांना हे बंद करा असं सांगितलं होतं. अडचण अशी की प्रत्येक कंपनीने त्याला आपलं वेगळं नाव दिलंय, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये आधी ऑटो मोशन प्लस आणि नंतर पिक्चर क्लॅरिटी, त्यामुळे घरच्यांना बंद करायचं असलं तरी ते सापडत नाही. एक अपवाद मात्र मानायला हवा. ओएलईडी पॅनल (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) इतका चपळ असतो की कॅमेरा हळू आडवा फिरताना चित्र अडखळल्यासारखं वाटतं, तिथे जडर रिडक्शन, म्हणजे हे अडखळणं कमी करणारा पर्याय, अगदी खालच्या आकड्यावर ठेवलं तर बिघडत नाही. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर २४ फ्रेम नीट बसत नाहीत, एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते, म्हणून थोडा धक्का जाणवतो; १२० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाचदा येते आणि तो प्रश्नच राहत नाही.

कलर टेंपरेचर, म्हणजे पांढरा पिवळसर की निळसर हे ठरवणारा पर्याय, वॉर्म ठेवायचं, सॅमसंगमध्ये वॉर्म २, सोनीत एक्स्पर्ट १. पहिल्या दिवशी सगळ्यांना चित्र पिवळं वाटतं आणि लगेच कोणीतरी ते परत कूलवर नेतं, पण डोळ्यांना निळसर पांढऱ्याची सवय लागलेली असते म्हणून तसं वाटतं, थोडे दिवस तसंच राहू दिलं की चेहऱ्यांचा रंग खरा वाटायला लागतो आणि मग कूल बघवत नाही.

ब्राइटनेसच्या बाबतीत मेन्यू नीट वाचावा लागतो. बऱ्याच टीव्हींमध्ये ब्राइटनेस म्हणजे काळ्या रंगाची पातळी आणि बॅकलाइट म्हणजे पडद्याचा प्रकाश वेगळा असतो, सोनीच्या नव्या टीव्हींमध्ये मात्र ब्राइटनेस म्हणजेच प्रकाश आणि काळ्यासाठी ब्लॅक लेव्हल. काळं तपासायला रात्रीचा सीन लावायचा, वरखाली काळ्या पट्ट्या असलेला, पट्ट्या राखाडी होईपर्यंत पातळी वाढवायची आणि मग त्या काळ्या होतील इतकीच मागे आणायची, म्हणजे काळ्या केसांतले, काळ्या कोटातले तपशील शाबूत राहतात. कॉन्ट्रास्टला पांढरं धोतर किंवा ढग बघा, घड्या नाहीशा झाल्या तर कॉन्ट्रास्ट जास्त झालाय. बॅकलाइट खोलीच्या उजेडाप्रमाणे ठेवायचा, एसडीआरला रात्री कमी, दुपारी खिडक्या उघड्या असताना जास्त. गॅमा, म्हणजे काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा किती उजळ दिसतील ते ठरवणारा आकडा, अंधाऱ्या खोलीत २.४ आणि उजेडात २.२ बरा.

शार्पनेस शून्याजवळ आणायचा, कंपनीप्रमाणे ती जागा वेगळी असू शकते, पण अक्षरांच्या कडेला पांढरी रेघ दिसली की तो जास्त आहे हे नक्की. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, म्हणजे सीनप्रमाणे कॉन्ट्रास्ट आपोआप बदलणं, बंद. नॉइज रिडक्शन चांगल्या प्रिंटला बंद, जुन्या डीव्हीडीला किंवा केबलवरच्या खराब चॅनलला थोडं चालेल.

एचडीआरचा, म्हणजे साध्यापेक्षा जास्त उजळ आणि जास्त छटांच्या चित्राचा, हिशोब वेगळा आहे. हे सिनेमे बहुधा १००० किंवा ४००० निटच्या मॉनिटरवर पक्के केलेले असतात, त्यामुळे बॅकलाइट पूर्ण ठेवावा लागतो आणि एनर्जी सेव्हिंग बंद, नाहीतर स्वस्त टीव्हीवर एचडीआर साध्या चित्रापेक्षाही मंद दिसतं, तशा टीव्हीवर डायनॅमिक टोन मॅपिंग (सिनेमाचा उजेड टीव्हीच्या क्षमतेत बसवणं) चालू ठेवलं तरी हरकत नाही. बाहेरचा प्लेयर जोडला असेल तर त्या एचडीएमआय पोर्टला आधी मोठा सिग्नल घ्यायची परवानगी द्यावी लागते, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीत अल्ट्रा एचडी डीप कलर, ते बंद असेल तर नीट एचडीआर येतच नाही. आणि एसडीआर, एचडीआर, डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) या तिघांची सेटिंग सहसा वेगवेगळी साठते, कधी प्रत्येक पोर्टचीही वेगळी, म्हणजे एकदा सगळं लावून झालं तरी ॲप उघडल्यावर पुन्हा तपासायचं.

दुसऱ्याच्या टीव्हीवरचे आकडे जसेच्या तसे उतरवताना मोड, मोशन, शार्पनेस बिनधास्त घ्या पण व्हाइट बॅलन्सचे, म्हणजे पांढऱ्यात कुठला रंग किती हे ठरवणारे, लाल-हिरवा-निळा आकडे घेऊ नका, एकाच मॉडेलच्या दोन पॅनलमध्येही फरक असतो, ते रंग मोजणारं मीटर लावून मोजूनच करावं लागतं. मीटर नसेल तर जुना कृष्णधवल सिनेमा लावून बघा, पडद्यावर कुठेही हिरवट किंवा गुलाबी झाक दिसली तर व्हाइट बॅलन्स हललेला आहे. असे सिनेमे बघताना पिक्चर साइजही तपासायची. १९३२ पासून पुढे बरीच वर्षं पडद्याच्या रुंदी-उंचीचं प्रमाण १.३७ ला १ असं होतं आणि आजचा टीव्ही १६:९ आहे, त्यामुळे डावीउजवीकडे काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात, झूम किंवा वाइड करून पडदा भरला की एक तर माणसं जाडी होतात नाहीतर डोकी कापली जातात.